युजरनेममधल्या कोलनमुळे ४०१ (लॉगिन नाकारल्याचा कोड) येतोय. लॉगिनच्या नावात नेमकी कोणती चिन्हं चालतात?

तळमजला विचारतो:

एका पतसंस्थेचं सभासद पोर्टल जँगोवर (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) आहे. ब्राउझरमधून साधा लॉगिन फॉर्म, आणि मोबाइल ॲप त्याच नावा-पासवर्डाने एपीआयकडे एचटीटीपी बेसिक ऑथेंटिकेशन वापरून जातं. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आहे. शाखांच्या अहवालांचं एक फोल्डर मात्र थेट एनजिनएक्सच्या एचटीपासवर्ड फाइलवर (नाव आणि पासवर्डाचा हॅश यांची यादी) चालतं.

जुन्या प्रणालीतली युजरनेमं जशीच्या तशी टेबलात भरली आहेत: दोन अंकी शाखा क्रमांक, कोलन, सभासद क्रमांक. उदाहरणार्थ ०२:१४५७ (प्रत्यक्षात इंग्रजी अंक). आता अडचणी अशा:

फॉर्ममधून हे सभासद आत जातात, ॲपमधून मात्र ४०१. कोलनच्या जागी टक्केचिन्ह लावून एन्कोड करून पाठवलं, तरी तेच.

नव्या सभासदांना मराठीत नाव घेता यावं अशी संचालकांची मागणी आहे. चाचणीत ‘कमल’ आणि ‘शरद’ स्वीकारलं गेलं, ‘सीमा’ आणि ‘प्रसाद’ नाकारलं. युनिकोड चालतं म्हणावं तर हे असं का?

मानकात परवानगी असलेल्या चिन्हांची यादी कुठे आहे का? आणि पासवर्डात कोलन असलेला चालतो का? काहींच्या पासवर्डात तो आहे आणि त्यांची तक्रार नाही.

---

बाइटमोजणी:

पहिलं कोडं सोपं आहे. बेसिकमध्ये क्लायंट ‘नाव, कोलन, पासवर्ड’ अशी एकच ओळ बनवतो, तिला बेस६४ करतो (बाइट साध्या इंग्रजी अक्षरांत लिहितो) आणि ऑथरायझेशन हेडरमध्ये पाठवतो. सर्व्हर ती उलगडतो आणि पहिल्या कोलनवर तोडतो. तुमच्या सभासदाचं नाव म्हणून ‘०२’ पोचतं आणि पासवर्ड म्हणून ‘१४५७:खरापासवर्ड’. ‘०२’ नावाचं खातं नाही, म्हणून ४०१. पासवर्डात कोलन असणाऱ्यांची तक्रार नाही तीही याचमुळे: पहिल्या कोलननंतरचं सगळं पासवर्डच असतं.

खात्री करायची असेल तर एनजिनएक्सच्या ॲक्सेस लॉगमध्ये रिमोट-युजरचा रकाना पाहा. नेहमीच्या लॉग स्वरूपात तो आयपीनंतरच्या आडव्या रेघेपुढे असतो. या सभासदांच्या विनंत्यांपुढे तिथे नुसतं ‘०२’ दिसेल.

आता मानक. बेसिकसाठी सध्याचा दस्तऐवज म्हणजे २०१५ चा आरएफसी ७६१७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज). त्याआधी १९९९ चा आरएफसी २६१७ होता. चालणाऱ्या चिन्हांची यादी शोधत बसू नका, तिथे न चालणाऱ्यांची आहे आणि ती फार छोटी आहे: युजरनेममध्ये कोलन नको, आणि नाव व पासवर्ड दोन्हींत नियंत्रण अक्षरं नकोत (० ते ३१ आणि १२७ हे बाइट, टॅब आणि नवी ओळ त्यातच आली). बाकी स्पेस, ॲट, अधिक, तिरकी रेघ, अवतरणचिन्ह सगळं चालतं.

टक्केचिन्हाचं एन्कोडिंग का चाललं नाही? बेसिकमध्ये ते उलगडण्याची पायरीच नाही. सर्व्हर ‘%’ हे चिन्ह अक्षरशः नावाचा भाग समजतो. गोंधळ दोन ठिकाणांहून येतो. एक, यूआरएलमध्ये यजमानाच्या आधी नाव-पासवर्ड लिहितात तिथे एन्कोडिंग लागतं (ईमेल हे युजरनेम असेल तर त्यातला ॲट तिथे एन्कोड केलाच पाहिजे), पण ते क्लायंट स्वतः उलगडून मग बेस६४ करतो. दोन, ओऑथ २ (ॲपला प्रवेशाचं टोकन देण्याची पद्धत). आरएफसी ६७४९ प्रमाणे क्लायंट आयडी आणि सीक्रेट आधी फॉर्म-एन्कोड करून मग बेसिकमध्ये घालायचे असतात. तो अपवाद फक्त ओऑथमधल्या क्लायंटच्या ओळखीपुरता. तुमच्या सभासद-लॉगिनला लागू नाही.

अहवालांच्या फोल्डरचं दुखणं वेगळं आणि जास्त वाईट आहे. एचटीपासवर्ड फाइलचा विभाजकही कोलनच. अपाची सर्व्हरची ही फाइल बनवणारी आज्ञा कोलन असलेलं नाव घेतच नाही आणि नावाला २५५ बाइटची मर्यादा घालते. पण कुणी स्क्रिप्टने फाइल लिहिली असेल तर ‘०२:१४५७:हॅश’ अशी ओळ तयार होते आणि एनजिनएक्स ‘०२’ हे नाव, ‘१४५७’ हा हॅश आणि त्यापुढचं टिप्पणी असं वाचतो. ०२ शाखेच्या सगळ्या ओळी एकाच नावाच्या होऊन बसतात. जाता जाता: त्या फाइलमध्ये ‘#’ने सुरू होणारी ओळ टिप्पणी मानली जाते, तेव्हा नावाची सुरुवात त्याने होऊ देऊ नका.

---

दुपारची_डिप्लॉय:

टेबल न बदलता निभावता येईल की. नाव दोन अंकी आणि पासवर्डाची सुरुवात आकडे व कोलनने होत असेल, तर एपीआयमध्ये ते परत जोडून घ्यायचं. दहा ओळींचा मिडलवेअर (विनंती मुख्य कोडकडे जाण्याआधी चालणारा तुकडा).

---

बाइटमोजणी:

नको. नाव ‘०२’ व पासवर्ड ‘१४५७:गुपित’ आणि नाव ‘०२:१४५७’ व पासवर्ड ‘गुपित’, या दोन जोड्यांचं हेडर बाइट-न्-बाइट सारखं असतं. सर्व्हरकडे फरक ओळखायला काहीच उरत नाही, तुम्ही अंदाज बांधता. उद्या कुणी शाखेसाठी ‘०२’ नावाचं सामायिक खातं काढलं की प्रमाणीकरणाचा कोड अंदाजावर चालेल. शेवटच्या कोलनवर तोडायचं म्हणाल तर पासवर्डात कोलन असलेले सभासद बाहेर पडतील. आणि एनजिनएक्सच्या फोल्डरला हा मिडलवेअर लागूच नाही.

---

वेलांटी:

‘कमल’ चालतं, ‘सीमा’ नाही, याचं कारण पायथनच्या रेजेक्समध्ये (मजकुराचा साचा तपासण्याची भाषा) आहे. जँगोचा ठरलेला व्हॅलिडेटर नाव बॅकस्लॅश-डब्ल्यू या वर्गाने तपासतो, शिवाय बिंदू, ॲट, अधिक आणि वजा एवढीच चिन्हं. पायथनच्या मूळ ‘आरई’ मॉड्यूलमध्ये या वर्गात अक्षरं आणि अंक येतात, पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार येत नाहीत, कारण युनिकोडच्या वर्गवारीत ती ‘अक्षरं’ नसून जोडचिन्हं आहेत. क, म, ल सुटी अक्षरं म्हणून पार. ‘सीमा’तली वेलांटी आणि काना अडले, ‘प्रसाद’मधला हलन्त आणि काना अडले. जावास्क्रिप्टमध्ये तर हा वर्ग निव्वळ इंग्रजी आहे. तिथे युनिकोड गुणधर्म वापरताना ‘एल’बरोबर ‘एम’ हा वर्गही घ्यावा लागतो आणि रेजेक्सला ‘यू’ फ्लॅग लागतो. नुसतं ‘एल’ लिहिणं ही भारतीय भाषांच्या फॉर्ममध्ये नेहमी आढळणारी चूक.

पायथनमध्ये ‘रेजेक्स’ हे वेगळं मॉड्यूल वापरा, किंवा देवनागरीचा पट्टा थेट द्या: यू+०९०० ते यू+०९७एफ. मात्र त्यातून दंड (यू+०९६४), दुहेरी दंड (यू+०९६५) आणि संक्षेपचिन्ह (यू+०९७०) वगळा. नावाचं पहिलं चिन्ह मात्रा किंवा हलन्त नसावं, हेही वेगळं तपासा. नाहीतर पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली वेलांटी दिसते.

विसर्गाकडे नीट पाहा, कारण तुमच्या दोन्ही अडचणी तिथे एकत्र येतात. ‘यशःश्री’ लिहिताना खूप जण विसर्गाऐवजी कोलनची कळ दाबतात. डोळ्याला फरक कळत नाही, पण खरा विसर्ग यू+०९०३ आहे आणि कोलन यू+००३ए. कोलनवालं नाव बेसिकमध्ये ‘यश’ होऊन पोचतं. नोंदणीत देवनागरी अक्षरामागे कोलन दिसला तर तो गुपचूप विसर्ग करू नका. दुरुस्त केलेलं नाव दाखवा आणि ‘हे चालेल का’ विचारा.

पुढचा प्रश्न एन्कोडिंगचा. आरएफसी ७६१७ मध्ये सर्व्हरने आव्हान देताना ‘चारसेट’ हा घटक जोडायची सोय आहे. त्याची एकमेव मान्य किंमत यूटीएफ-८. ती दिली की क्लायंटने नाव एनएफसी रूपात (युनिकोडच्या एका ठरलेल्या, एकसारख्या रूपात) आणून यूटीएफ-८ मध्ये पाठवावं अशी अपेक्षा असते. पण हा घटक सल्लावजा आहे, तो न मानणारा क्लायंट मानकाबाहेर जात नाही. आजचे ब्राउझर यूटीएफ-८ च पाठवतात. खरी ठेच प्रोग्रॅमिंगच्या लायब्ऱ्यांत लागते:

– पायथनची ‘रिक्वेस्ट्स’ नाव स्ट्रिंग म्हणून दिल्यास ते लॅटिन-१ मध्ये एन्कोड करू पाहते; देवनागरी दिसताच एन्कोडिंगची एरर येते. नाव आणि पासवर्ड आधीच यूटीएफ-८ बाइट करून द्या.
– जावास्क्रिप्टचं ‘बीटूए’ फंक्शन २५५ च्या वरचं कुठलंही अक्षर आलं की एक्सेप्शन फेकतं. आधी टेक्स्ट-एन्कोडरने बाइट काढा, मग बेस६४.
– एखादा क्लायंट गुपचूप प्रश्नचिन्हं पाठवतो. हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण एरर येतच नाही, फक्त ४०१ येतो.

तपासायचं कसं? हेडरमधला बेस६४ भाग उलगडून हेक्समध्ये पाहा. देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह तीन बाइटचं असतं आणि सुरुवात ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ अशी होते. ‘राम’ म्हणजे नऊ बाइट: ई० ए४ बी०, ई० ए४ बीई, ई० ए४ एई. त्याऐवजी ओळीने ‘३एफ’ दिसले तर क्लायंटने प्रश्नचिन्हं केली. ‘सी३ ए०’ ने सुरू होणारी रांग दिसली तर यूटीएफ-८ वर दुसऱ्यांदा यूटीएफ-८ झालं आहे.

जँगो रेस्ट फ्रेमवर्क वापरत असाल तर उलगडताना ते आधी यूटीएफ-८ आणि न जमल्यास लॅटिन-१ करून पाहतं, ते ठीक. पण त्याच्या आव्हानात फक्त ‘रेल्म’ असतो, ‘चारसेट’ नसतो. बेसिकच्या वर्गाचा उपवर्ग करून हेडर परत देणारी मेथड बदला.

---

जुनाट_सर्व्हर:

हे सगळं वाचल्यावर माझं मत आणखी पक्कं झालं: लॉगिनचं नाव इंग्रजी लहान अक्षरं, अंक, बिंदू, वजा आणि अंडरस्कोर एवढंच ठेवा. सुरुवात अक्षराने किंवा अंकाने, लांबी ३ ते २०. मराठी नाव ‘दाखवायचं नाव’ या वेगळ्या रकान्यात, तिथे हवं ते लिहू दे.

कारण बेसिक हा साखळीतला एकच दुवा आहे. पुढे कधी संस्था ॲक्टिव्ह डिरेक्टरीला (मायक्रोसॉफ्टची खाती सांभाळणारी प्रणाली) जोडली तर तिथल्या जुन्या पद्धतीच्या लॉगिन नावाला २० अक्षरांची मर्यादा आहे आणि कोलन, स्वल्पविराम, अधिक, तारा, चौकटी कंस, दोन्ही तिरक्या रेघा असं बरंच काही बंद आहे. नाव यूआरएलच्या पाथमध्ये आलं की त्यातली तिरकी रेघ एन्कोड केली तरी अपाची ठरलेल्या सेटिंगमध्ये ४०४ देतो. फॉर्म-एन्कोडिंगमध्ये न एन्कोड केलेलं अधिकचिन्ह स्पेस होऊन पोचतं. ईमेलमध्ये अधिक वापरणाऱ्यांचं लॉगिन बहुतेक इथेच फसतं. डायजेस्ट ऑथेंटिकेशनमध्ये (एचटीटीपीची दुसरी लॉगिन पद्धत) नाव अवतरणचिन्हांत जातं, तिथे दुहेरी अवतरण आणि बॅकस्लॅश यांच्या एस्केपिंगवरून क्लायंट-सर्व्हरमध्ये बेबनाव होतो.

---

वेलांटी:

शाखांच्या कर्मचाऱ्यांसाठी हा नियम मान्य. पण तालुक्याच्या गावातल्या सभासदाला स्वतःचं नाव रोमनमध्ये एकाच पद्धतीने लिहिता येईल हे गृहीत का धरायचं? आज ‘डब्ल्यू’ने, उद्या ‘व्ही’ने लिहील आणि ‘पासवर्ड विसरलो’ची रांग लागेल. मराठी नाव द्यायचंच असेल तर काम नीट करा, एवढंच म्हणणं आहे. त्यासाठी आधार तयार आहे. आरएफसी ७६१७ सर्व्हरकडून अपेक्षा करतो की कोलन सोडून प्रेसिस (नावं-पासवर्डांत युनिकोड कसं वापरावं याचे नियम) चौकटीतल्या ‘युजरनेम-केस-प्रिझर्व्ह्ड’ प्रोफाइलमधली सगळी चिन्हं त्याने स्वीकारावीत. त्या प्रोफाइलची सध्याची आवृत्ती २०१७ च्या आरएफसी ८२६५ मध्ये आहे. शेजारीच ‘केस-मॅप्ड’ प्रोफाइल आहे, त्यात सगळं लहान लिपीत आणतात. तुम्ही नोंदणीसाठी तेच घ्या, म्हणजे मोबाइल कीबोर्डने पहिलं अक्षर मोठं केलं तरी नाव जुळेल.

पण प्रेसिस पाळून मराठी पूर्ण सुटत नाही. ‘कऱ्हाडे’ घ्या. कुणाचा कीबोर्ड ऱ (यू+०९३१), हलन्त, ह असं पाठवतो, कुणाचा र, हलन्त, शून्य-रुंदी जोडक (यू+२००डी), ह असं. दिसायला एकच. एनएफसी त्यांना एक करत नाही. आणि प्रेसिसच्या संदर्भ-नियमात हलन्तानंतर आलेला जोडक वैध आहे, त्यामुळे दोन्ही नावं नियमात बसतात आणि दोन वेगळे ‘कऱ्हाडे’ नोंदवले जातात. ‘ॲ’चंही तसंच: एकसंध अक्षर यू+०९७२ युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या सवयीने अजून अ (यू+०९०५) आणि चंद्र (यू+०९४५) असं जोडून लिहिणारे कीबोर्ड आहेत. त्यांच्यामध्ये जोडकही असेल तर प्रेसिस ते नाकारतं, कारण त्याच्या आधी हलन्त नाही, आणि सभासदाला कळत नाही की आपलं ‘ॲड’ का चालेना.

म्हणून एनएफसी करण्याआधी स्वतःचे बदल लावा: र-हलन्त-जोडकचं ऱ-हलन्त, अ-चंद्र, मधे जोडक असो-नसो, त्याचं यू+०९७२. उरलेले शून्य-रुंदीचे जोडक आणि विभाजक तुलनेच्या रूपातून काढून टाका. दाखवायचं रूप वेगळं साठवा. देवनागरी अंकांचं काय ते ठरवून टाका. ‘राम१’मधला मराठी एक आणि इंग्रजी एक कुठलंच नॉर्मलायझेशन जुळवत नाही. तुलनेच्या रूपात इंग्रजी अंक करणं बरं. आणि एका नावात एकच लिपी. देवनागरी शून्य आणि रोमन ‘ओ’ यांची मिसळ कुणी चांगल्या हेतूने करत नाही.

एनएफसी नेहमी अक्षरं जोडतंच असं समजू नका. नुक्त्याचा एकसंध ज़ (यू+०९५बी) एनएफसीमध्ये उलट ज आणि नुक्ता असा सुटतो. लांबी नॉर्मलायझेशननंतर मोजा.

---

तळमजला:

दोघांचं पटतंय. कर्मचाऱ्यांना रोमन, सभासदांना दोन्ही पर्याय असं करू. दोन शंका. ०२:१४५७ हे पासबुकावर छापलेलं आहे, ते एकदम बंद कसं करायचं? आणि जँगो स्वतः नॉर्मलायझेशन करतं असं वाचलं, मग वेगळं कशाला?

---

बाइटमोजणी:

दुसरं आधी. जँगो एनएफकेसी (एनएफसीचंच जास्त कडक रूप) करतं, पण ठरावीक जागीच: खातं तयार करताना आणि त्याच्या स्वतःच्या फॉर्मच्या फील्डमध्ये. बेसिकच्या मार्गाने आलेलं नाव थेट डेटाबेसमधल्या नावाशी ताडलं जातं, मधे काही होत नाही. तेव्हा वेलांटी यांनी सांगितलेलं तुलनेचं रूप काढणारं एकच फंक्शन लिहा आणि नोंदणी, फॉर्म, एपीआय, पासवर्ड रीसेट, ॲडमिन या पाचही जागांहून तेच बोलवा.

त्या रूपासाठी टेबलात स्वतंत्र रकाना, त्यावर युनिक इंडेक्स. मायएसक्यूएल असेल तर कोलेशन (डेटाबेसचा अक्षरं ताडण्याचा नियम) बघून घ्या. ८.० चं ठरलेलं कोलेशन नुक्त्यासारख्या चिन्हांचा फरक मानत नाही आणि शून्य-रुंदी जोडक तुलनेत धरतच नाही. म्हणजे डेटाबेस ज्यांना एक म्हणतो त्यांना पायथन दोन म्हणेल. रकान्याला बायनरी कोलेशन द्या. त्यातही जुनं ‘यूटीएफ८एमबी४_बिन’ शेवटची स्पेस दुर्लक्षित करतं, ८.०.१७ पासूनचं ‘यूटीएफ८एमबी४_०९००_बिन’ करत नाही. स्पेस तसंही फंक्शनमध्येच छाटा, आणि व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून चिकटून येणारी न तुटणारी स्पेस (यू+००ए०) विसरू नका.

पासबुकाचं असं करा. टेबलात कोलनच्या जागी वजा: ०२-१४५७. बदलाआधी एक क्वेरी चालवून बघा की हे रूप आधीच कुणी घेतलेलं नाही ना. थेट टेबलात भरलेल्या डेटात काहीही निघू शकतं. मग फक्त ब्राउझरच्या फॉर्ममध्ये ‘दोन अंक, कोलन, अंक’ असा साचा जुळला तर तो वजामध्ये बदला. तिथे हे सुरक्षित आहे कारण नाव आणि पासवर्ड वेगवेगळ्या फील्डमधून येतात, अंदाज करावा लागत नाही. ॲपमध्ये हाच बदल क्लायंटच्या बाजूला, बेस६४ करण्याआधी. जुनी ॲप आवृत्ती वापरणाऱ्यांचा ४०१ तसाच राहील, पण त्यांना तो आजही येतोच आहे. नवीन पासबुकं वजा घालून छापा.

एचटीपासवर्ड फाइल मात्र दुरुस्त करत बसू नका. जुनी ओळ तुटलेली आहे, नव्या नावांनी आणि नव्या पासवर्डांनी पुन्हा बनवा. त्या फोल्डरला ‘०२’ नावाची एकही ओळ उरली नाही ना, हे शेवटी शोधून पाहा.

---

वेलांटी:

फॉर्मच्या फील्डवर ऑटोकॅपिटलाइझ बंद, स्पेलचेक बंद आणि ऑटोकम्प्लीटला ‘युजरनेम’ लावा. पुढेमागे पासकी (पासवर्डाऐवजी फोन किंवा चावीवर लॉगिन) आणणार असाल तर तिच्या वेबऑथन या मानकात ऑथेंटिकेटरने, म्हणजे त्या उपकरणाने, नाव किमान ६४ बाइटपर्यंत साठवलंच पाहिजे, त्यापुढचं तो कापू शकतो. देवनागरीत ६४ बाइट म्हणजे २१ चिन्हं, आणि ‘प्रसाद’मध्येच सहा जातात. सभासदांच्या नावाची मर्यादा २१ कोडपॉइंट (युनिकोड चिन्हं) ठेवा.